विलायतेचा परवाना आणि आपला सातबारा

(गांवच्या मराठी शाळेंत भरलेल्या पालकांच्या सभेंत आम्हीं केलेलें भाषण)



एरव्हीं पालकांची सभा म्हटली कीं निम्म्या सतरंज्या मोकळ्या राहतात. आजचा विषय मुलांना परदेशीं शिकावयास पाठविण्याचा, म्हणून सतरंज्या पुरल्या नाहींत. गेल्या वर्षांत या गांवच्या पांच घरांनीं आम्हांला एकच प्रश्न विचारला, "गुरुजी, पोर बाहेर शिकायला जायचं म्हणतंय, व्हिसाचं कसं करायचं?" पांच ओट्यांवर पांच वेळां सांगण्यापेक्षां एकदांच सगळ्यांसमोर बोलावें म्हणून उभे राहिलों आहों.

आधीं एक कबूल करतों. आम्हीं विलायत पाहिलेली नाहीं. आमचें शिकणें मराठी शाळा आणि मराठी ट्रेनिंग कॉलेज एवढ्यावर झालें. विमान आम्हीं खालूनच पाहिलें आहे. मग या विषयांत आम्हीं तोंड कां घालावें? एक कारण असें कीं इंग्लंडच्या सरकारनें आपले नियम आपल्या संकेतस्थळावर उघडे मांडून ठेवले आहेत. ते वाचावयास पैसा पडत नाहीं. कोश हाताशीं घेऊन आम्हीं ते वाचले. इंग्रजी सोपें आहे; तलाठ्याच्या फेरफाराच्या नोंदीपेक्षां तर पुष्कळच सोपें.

दुसरें कारण लाजेचें आहे. तीन वर्षांमागें आमच्या हाताखालीं शिकलेल्या एका सुताराच्या मुलाला इंग्लंडांतल्या एका विद्यापीठांत प्रवेश मिळाला. बाप आमच्याकडे आला. आम्हांला त्यांतलें ओ कीं ठो कळत नव्हतें. आम्हीं तालुक्याच्या गांवच्या एका दलालाचें नांव सांगितलें. त्याच्या दुकानावर मोठी पाटी होती, येवढीच त्याची आम्हांला माहिती. दलाल म्हणाला, "पैशाची चिंता नको, पैसा आम्ही दाखवूं." चार दिवसांकरितां कोणा सावकाराची रक्कम मुलाच्या खात्यांत आली, बँकेची चिठ्ठी घेतली, पांचव्या दिवशीं रक्कम निघून गेली. सुतारानें चार दिवसांचें व्याज भरलें, दलालाची दक्षिणा वेगळी दिली. व्हिसा नामंजूर झाला. पत्रांत कारण एका ओळींत लिहिलें होतें: पैसा सलग अठ्ठावीस दिवस खात्यांत नव्हता. तो नियम त्या संकेतस्थळावर तेव्हांही होता. वाचावयास अर्धा तास लागला असता. मुलाचें वर्ष बुडालें, आणि त्या बापानें आम्हांला एक शब्दही बोल लावला नाहीं, तें आम्हांला अजून टोंचतें.

पूर्वीं समुद्र ओलांडला कीं धर्म बुडतो असें शास्त्रीमंडळी सांगत, आणि परत आलेल्याकडून प्रायश्चित्ताचे पैसे घेत. तो अडसर गेला. १९१३ सालीं डॉ. बाबासाहेब आंबेडकर बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला शिकावयास गेले, तेव्हां अमेरिकेंत उतरणाऱ्याला व्हिसा लागत नव्हता. ती सक्ती पहिल्या महायुद्धांत आली आणि लढाई संपल्यावरही राहिली. पैशाची अडचण मात्र तेव्हांही होती. शिष्यवृत्तीची मुदत संपली म्हणून १९१७ सालीं बाबासाहेबांना लंडनचें शिक्षण अर्धवट टाकून परतावें लागलें. १९२० सालीं पगारांतली शिल्लक, शाहू महाराजांची मदत आणि एका मित्राचें कर्ज यांवर ते पुन्हां गेले. आज पैसा नुसता असून भागत नाहीं. तो जाण्याआधीं, ठरलेल्या कागदावर, ठरलेले दिवस दिसावा लागतो. आमच्या कुणब्याचें आणि कारागिराचें घोडें अडतें तें येथें.

आतां मुद्द्यावर येऊं. पासपोर्ट आपलें सरकार देतें. व्हिसा म्हणजे ज्या देशांत जायचें त्या सरकारचा आंत येण्याचा परवाना. इंग्लंडचें उदाहरण घेतों, कारण आपल्या पांच घरांपैकीं तीन घरांचें मन तिकडे आहे.

पहिल्यानें विद्यापीठाचा प्रवेश. परदेशी विद्यार्थी घेण्याचा परवाना ज्या संस्थांना आहे त्यांची यादी तिथलें सरकार प्रसिद्ध करतें. संस्थेचें नांव त्या यादींत नसेल तर पुढें एक पैसा भरूं नये. प्रवेश पक्का झाला कीं विद्यापीठ एक क्रमांक देतें, त्याला 'कॅस' म्हणतात. तो सहा महिने चालतो. त्या क्रमांकावांचून व्हिसाचा अर्ज होत नाहीं, आणि शिक्षण सुरू होण्याच्या सहा महिन्यांपेक्षां आधीं अर्ज करतां येत नाहीं. इंग्रजी येतें याचा पुरावा लागतो. सहा महिन्यांपेक्षां जास्त राहावयाचें असल्यानें क्षयाची तपासणी लागते, ती त्यांनीं नेमून दिलेल्या दवाखान्यांतच करावी. आपल्या डॉक्टरचा दाखला कितीही खरा असला तरी तेथें चालत नाहीं. अर्ज संकेतस्थळावर भरावयाचा, आणि मग मुंबई-पुण्यासारख्या शहरांतल्या केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे व फोटो द्यावयाचा. बहुधा तीन आठवड्यांत निकाल येतो. अर्जाची फी २०२५ च्या एप्रिलमध्यें ५२४ पौंड झाली. शिवाय तिथल्या सरकारी दवाखान्यांकरितां वर्षाला ७७६ पौंड आगाऊ भरावे लागतात. २०२४ च्या फेब्रुवारीपासूनचा हा दर आहे. हे आंकडे चढत जातात, म्हणून भरावयाच्या दिवशीं संकेतस्थळावर स्वतः पाहून घ्यावे. व्हिसा नामंजूर झाला तर दवाखान्याचे पैसे परत मिळतात, अर्जाची फी मिळत नाहीं.

आतां पैसा. येथें जरा सावकाश ऐका.

दोन रकमा दाखवावयाच्या असतात. पहिल्या वर्षाच्या फीपैकीं जी भरावयाची राहिली ती एक, आणि राहण्याखाण्याचा खर्च ही दुसरी. २०२५ च्या ११ नोव्हेंबरपासून हा खर्च लंडनमध्यें महिन्याला १,५२९ पौंड आणि लंडनबाहेर १,१७१ पौंड असा धरतात, फार तर नऊ महिन्यांचा. लंडनबाहेरचा हिशेब करा: नवांनीं गुणिलें कीं १०,५३९ पौंड. समजा फीचे दहा हजार पौंड भरावयाचे राहिले आहेत. एकूण वीस हजार पांचशे एकोणचाळीस. २०२५ च्या अखेरीस पौंडाचा भाव एकशेंवीस रुपयांच्या आसपास होता. म्हणजे चोवीस लाखांच्या आसपास. रुपया घसरला तर आंकडा वाढतो, म्हणून लाख-दीड लाख वरती असूं द्यावे.

ही रक्कम सलग अठ्ठावीस दिवस खात्यांत पाहिजे. एक दिवसही, एक रुपयानेंही खालीं गेलेली चालत नाहीं. सत्तावीस दिवस भरले आणि अठ्ठाविसाव्या दिवशीं कोणीं खतासाठीं दहा हजार काढले, तर मोजणी पहिल्यापासून. आणि या अठ्ठावीस दिवसांचा शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेपासून मागें एकतीस दिवसांच्या आंत असला पाहिजे. जुनें पासबुक उपयोगाचें नाहीं.

खातें कोणाचें? मुलाचें स्वतःचें, किंवा आईबापाचें. आईबापाचें असेल तर मुलाचा जन्मदाखला आणि "हा पैसा याच्या शिक्षणाकरितां वापरावयास आमची संमति आहे" असें त्यांचें पत्र लागतें. चुलत्याचें खातें चालत नाहीं. मामाचें नाहीं. आजोबांचेंही नाहीं. आपल्याकडे एकत्र घरांत पैसा आजोबांच्या नांवावर असतो आणि सगळे म्हणतात, "आपलंच आहे कीं!" घरांत तें खरें आहे, लंडनच्या कचेरींत बसलेल्या कारकुनाला तें कळत नाहीं आणि कळून घेण्याचें त्याला कारणही नाहीं. आजोबांना द्यावयाचेच असतील तर त्यांनीं आधींच मुलाच्या खात्यांत वळते करावे, आणि मग अठ्ठावीस दिवस मोजावे.

सातबारा चालत नाहीं. पांच एकर बागाईत, विहीर, दोन म्हशी, बायकोच्या अंगावरचें सोनें, यांची त्यांच्या हिशेबीं किंमत शून्य. आमच्या एका पालकांना हें ऐकून राग आला. ते म्हणाले, "गुरुजी, आमच्या रानाची किंमत त्यांच्या सगळ्या फीच्या तिप्पट आहे." असेल. पण त्यांना विकून मिळणारा पैसा नको, हातांत असलेला पाहिजे.

गांवच्या पतसंस्थेविषयींही बोलतों, कोणीं रागावूं नये. इंग्लंडचा नियम असा कीं ज्या बँकेवर त्या देशाच्या नियामकाची देखरेख आहे आणि जिच्या नोंदी संगणकावर आहेत, तिचाच दाखला चालेल. पतसंस्था सहकार खात्याकडे नोंदलेली असते, रिझर्व्ह बँकेच्या देखरेखीखालीं ती येत नाहीं. तेव्हां मुलाला धाडावयाचें मनांत असेल तर रक्कम राष्ट्रीयीकृत बँकेंत ठेवावी. उसाचें बिल उन्हाळ्यापर्यंत हातीं येतें आणि वैशाखांतल्या लग्नांत जातें. तिकडचीं कॉलेजें सप्टेंबरांत भरतात. अठ्ठावीस दिवसांची मोजणी आपल्याकडे बहुधा जून-जुलईंत येते, म्हणजे नेमकी पेरणीच्या तोंडावर, जेव्हां कुणब्याच्या खात्यांत कांहींच नसतें. हें वर्षभर आधीं ध्यानांत घ्यावें लागतें.

मग ज्याच्याजवळ चोवीस लाख नाहींत त्यानें काय करावें? बँकेचें शैक्षणिक कर्ज मंजूर असेल तर तें पत्र चालतें, आणि त्याला अठ्ठावीस दिवसांची अट नाहीं. पत्र मुलाच्या नांवाचें आणि अर्जाच्या आधीं सहा महिन्यांच्या आंतलें असावें. सरकारी बँकांच्या ठरलेल्या योजनेप्रमाणें साडेसात लाखांपर्यंत तारण मागत नाहींत. त्यापुढें मागतात, आणि शेतजमीन तारण घ्यावयास बँका कां कूं करतात, कारण कर्ज थकलें तर २००२ च्या वसुलीच्या कायद्यानें शेतजमिनीवर त्यांना परस्पर हात टाकतां येत नाहीं. घर किंवा बिगरशेती प्लॉट असेल तर काम होतें. कायदा शेतकऱ्याला वांचविण्यासाठीं झाला हें चांगलेंच झालें. पण कर्जाच्या दाराशीं तोच शेतकरी हात हलवीत परत फिरतो, हेंही खरें.

शिष्यवृत्त्या आहेत, त्यांचीं नांवें लिहून घ्या. अनुसूचित जातींच्या मुलांकरितां राज्याची राजर्षि शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती. मराठा-कुणबी मुलांकरितां सारथी संस्थेची सयाजीराव गायकवाड यांच्या नांवाची. इतर मागासवर्ग आणि भटक्या-विमुक्तांकरितां राज्याच्या बहुजन कल्याण खात्याची. दिल्ली सरकारची राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे, तींत भूमिहीन शेतमजूर आणि परंपरागत कारागीर यांचाही समावेश आहे. तिच्या एकशेंपंचवीस जागांपैकीं शेतमजूर आणि कारागीर मिळून जागा किती? चार. साऱ्या हिंदुस्थानांतले लोहार, कुंभार, सुतार, चांभार आणि रोजगारी, त्यांना चार. तरीसुद्धां अर्ज करावा. न केला तर त्या चारांत आपला कोणी येणार कसा? सरकारी शिष्यवृत्तीचें पत्रही व्हिसाकरितां पैशाचा पुरावा म्हणून चालतें. किती रक्कम आणि किती मुदत हें त्यांत लिहिलेलें असावें.

आतां नांवांची भानगड. यांत आम्ही मास्तर लोक आरोपी आहों. पूर्वीं दाखल्याला आलेल्या पोराची जन्मतारीख कोणाला ठाऊक नसे, तेव्हां आमच्या आधींच्या मास्तरांनीं सरसकट एक जून लिहून टाकली. निम्मा गांव एकाच दिवशीं जन्मला! नांवांचेंही तेंच. बापाचें नांव शाळेच्या दाखल्यांत बाळू, आधारांत बाळासाहेब, बँकेंत बाळकृष्ण. आई जन्मदाखल्यांत लता, पासबुकांत लताबाई, आणि माहेरचें आडनांव कोठें तरी राहिलेलें. गांवांत यानें कोणाचें अडत नाहीं. व्हिसाच्या टेबलावर मात्र जन्मदाखल्यांतला बाप आणि पासबुकांतला बाप हीं दोन वेगळीं माणसें ठरूं शकतात. हें दुरुस्त करावयास राजपत्र, प्रतिज्ञापत्र, नगरपालिका किंवा ग्रामपंचायत अशा फेऱ्या होतात आणि महिने जातात. मुलगा अकरावींत असतांनाच सगळे कागद एका ओळींत मांडून पाहावे. कागद नुसता मराठींत असेल तर त्याचें प्रमाणित इंग्रजी भाषांतर जोडावें लागतें.

दुसऱ्या देशांचें थोडक्यांत सांगतों. जर्मनींत बहुतेक सरकारी विद्यापीठांत फी घेत नाहींत, पण वर्षाच्या खर्चाचे पैसे एका बंद खात्यांत आधीं भरावे लागतात. २०२४ च्या सप्टेंबरपासून ती रक्कम ११,९०४ युरो आहे आणि तिथें पोंचल्यावर ती महिन्यामहिन्यानें हातीं येते. शिवाय २०२२ च्या नोव्हेंबरपासून हिंदी विद्यार्थ्याचीं प्रमाणपत्रें त्यांच्या दिल्लीच्या कचेरीकडून तपासून घ्यावीं लागतात. अमेरिकेंत समोरासमोर मुलाखत होते, आणि मुलगा शिकून परत येणार आहे अशी अधिकाऱ्याची खात्री मुलानेंच पटवावी लागते. तेथें आपला सातबारा अगदींच वायां जात नाहीं. परतण्याचें कारण म्हणून तो दाखवितां येतो.

आतां दलाल. जोतीरावांनीं १८७३ सालीं सत्यशोधक समाज काढला, तेव्हां देव आणि माणूस यांच्यामध्यें दलाल नको, हें सांगितलें. आमच्या बापजाद्यांनीं लग्नांतला भट काढून टाकला आणि स्वतःचीं लग्नें स्वतः लाविलीं. आणि आज त्यांचेच पणतू व्हिसाकरितां नवा भट शोधीत तालुक्याला जातात! तोच प्रकार आहे. मंत्र आपल्याला कळत नाहीं असें आधीं मनावर ठसवावयाचें, आणि मग दक्षिणा ठरवावयाची. "आमच्याकडे फी नाहीं" असें सांगणाराही फुकट बसलेला नसतो. मुलामागें कित्येक परदेशी विद्यापीठें त्याला दलाली देतात. म्हणून जेथें दलाली जास्त तें विद्यापीठ तो चांगलें म्हणतो. सगळेच लबाड आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. प्रामाणिक माणसाकडून फॉर्म भरून घेण्यांत पाप नाहीं. पण फॉर्मावर सही मुलाची असते, आणि जें लिहिलें त्याचा जबाब मुलालाच द्यावा लागतो. दलालाचें नांव त्यांत कोठेंच येत नाहीं.

इंग्लंडच्या नियमांत असें आहे कीं अर्जाबरोबर खोटा कागद आला तर तो अर्जदाराला ठाऊक नसला तरी अर्ज फेटाळतां येतो. आणि त्यानें जाणून फसविलें असें ठरलें तर दहा वर्षें त्याला दार बंद होऊं शकतें. बाविसाव्या वर्षीं बंद झालेलें दार बत्तिसाव्या वर्षीं उघडतें. त्या सुताराच्या मुलाचे पैसे चार दिवसांचे असले तरी कागद खरे होते, म्हणून तो नुसत्या नकारावर सुटला. त्याच दलालानें बनावट पासबुक लाविलें असतें तर? हा विचार आला कीं आम्हांला रात्रीं झोंप लागत नाहीं.

२०२३ सालीं कॅनडांत काय झालें तें वर्तमानपत्रांत आलेलेंच आहे. पंजाबांतून गेलेल्या कित्येक मुलांचीं कॉलेजचीं प्रवेशपत्रें दलालानें बनावट केलेलीं निघालीं. मुलांना तेथें उतरल्यावर "ती जागा भरली, दुसऱ्या कॉलेजांत जा" असें सांगण्यांत आलें. मुलें शिकलीं, नोकरीला लागलीं, कायमचें राहण्याचा अर्ज केला, तेव्हां सरकारनें जुने कागद काढले आणि हद्दपारीच्या नोटिसा हातांत दिल्या. मुलें रस्त्यावर बसलीं, तेव्हां जूनमध्यें तिथल्या मंत्र्यानें हद्दपारी थांबवून एकेकाची चौकशी करण्याचें ठरविलें. त्याच वर्षीं १ डिसेंबरपासून प्रत्येक प्रवेशपत्र कॉलेजकडून पडताळून घेण्याचा नियम कॅनडानें केला. हें पडताळणें मुलानें स्वतः एक पत्र धाडून आधींच करतां आलें असतें. तुमचें पोर ज्या कॉलेजांत जाणार, त्याला त्याच्या हातानें पत्र लिहूं द्या: मला प्रवेश दिला आहे काय? उत्तर थेट येतें.

दलालाचें आणखी एक वचन असतें: "तिथं काम करून फी फिटते." फिटत नाहीं. पदवीच्या विद्यार्थ्याला इंग्लंडांत शिकवणीच्या दिवसांत आठवड्याला वीस तासच काम करतां येतें. जास्त केलें तर व्हिसा जातो. लग्न झालेल्या मुलांनीं हेंही ऐकावें कीं २०२४ च्या जानेवारीपासून साध्या एम. एस्सी., एम. ए. ला जाणाऱ्याला बायको बरोबर नेतां येत नाहीं. शिक्षणानंतर नोकरी शोधावयास तिथें दोन वर्षें राहतां येत असे. १ जानेवारी २०२७ पासून जे अर्ज होतील त्यांना, पीएच. डी. सोडून, दीडच वर्ष मिळेल असें ठरलें आहे. हा हिशेब न करतां कोणी रान विकूं नये. कर्ज काढून चांगल्या विद्यापीठांत जाणें ही एक गोष्ट, आणि कोणीं कधीं नांव न ऐकलेल्या कॉलेजच्या एका वर्षाकरितां विहिरीसकट रान विकणें ही दुसरी. पहिलीला आमचा आशीर्वाद आहे. दुसरीला आम्ही हात जोडून नको म्हणतों.

तो सुताराचा मुलगा पुढच्या वर्षीं गेला. बँकेचें कर्ज घराच्या तारणावर मिळालें. कागद त्यानें आणि आम्हीं मिळून, शाळा सुटल्यावर, याच वर्गांत बसून वाचले. जन्मदाखल्यांत आईचें नांव चुकलें होतें, त्याला दोन महिने लागले. अर्ज त्यानें स्वतः भरला. आम्हीं नुसतें मोठ्यानें वाचून दाखविलें आणि त्याच्या वडिलांनीं चहा आणला.

येत्या रविवारीं सकाळीं नऊला आम्ही याच वर्गांत बसणार आहों. ज्यांच्या घरीं मूल बारावींत किंवा पदवीच्या शेवटच्या वर्षाला आहे त्यांनीं यावें. जन्मदाखला, शाळेचा दाखला, आईबापांचीं आधारकार्डें आणि पासबुक आणावें. सातबारा आणूं नये. आणि मुलाला किंवा मुलीला बरोबर आणावें, कारण वाचावयाचें तिनें किंवा त्यानें आहे.